वरची तर्री

हल्ली मुलगी बघायला घरी कोणी येत नाही. आमच्या बुऱ्हाणपुरात आता दोन्ही घरांनी हॉटेलातच भेटायची रीत पडली आहे. कोणी कोणाच्या भिंतींचा रंग बघायला नको, पोह्यांचा घाट नको, आणि नाही जमलं तर आपापल्या गाडीत बसून आपापल्या गावी जायचं. मला ही रीत आवडते. मला बघायला आले तेव्हा मी मान खाली घालून बसले होते, आणि पाहुण्यांच्या पायांपलीकडे मला काही दिसलं नव्हतं. हॉटेलात निदान सगळ्यांच्या खुर्च्या एका उंचीच्या असतात.

माझ्या मुलीसाठी खकनारकडचं स्थळ आलं होतं. केळीची बाग, एकुलता एक मुलगा, इंदूरला शिकून परत आलेला. मुलगी शहरात एका मेडिकलच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. महिनाभर दोघं फोनवर बोलत होते. "आई, बरा वाटतो गं," असं ती एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाली, आणि तिच्या तोंडून 'बरा' म्हणजे पुष्कळ झालं. तिच्या वडिलांनी तर मनातल्या मनात मांडवसुद्धा घातला होता. हे जमावं असं मलाही वाटत होतं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर कोणी म्हणेल की ही बाई भांडायची तयारी करूनच गेली.

इच्छापूरच्या रस्त्यावर एक नवं फॅमिली रेस्टॉरंट झालं आहे, वरच्या मजल्यावर, एसीवालं. आमच्या गावाहून, बहादरपुराहून, आम्ही तिघं वेळेच्या आधीच पोचलो. तिकडून मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा आले. मुलाचे वडील नाहीत, त्यामुळे त्या घरात शब्द मामांचा चालतो. बसल्याबरोबर मेन्यू कार्ड त्यांनीच उचललं आणि शेवभाजी सांगितली. कार्डावर शेवभाजीसमोर छोट्या छोट्या लाल मिरच्या छापलेल्या होत्या. एक मिरची, दोन मिरच्या, तीन मिरच्या.

"तीखा कैसा रखना है, सर? फीका, मीडियम, तेज?" वेटरने विचारलं.

"जेन्ट्सचं तेज, लेडीजचं फीकं," मामा म्हणाले. कार्डावरून नजरसुद्धा उचलली नाही.

माझ्या कानशिलात तिथेच काहीतरी तडतडलं. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं आहे. हॉटेलात एवढंच की त्याला मिरच्यांची चित्रं लागली.

आमच्याकडच्या रश्श्याचं असं असतं, की तिखट आणि फिकं वेगळं शिजवत नाहीत. पातेलं एकच. काळा मसाला तेलात परतला आणि रस्सा उकळला की लाल तेल वर येतं, ती तर्री. सगळी चव तिच्यात. माझ्या सासरी आधी पुरुषांची पंगत बसायची आणि पळी वरवर फिरवून सगळी तर्री त्यांच्या वाट्यांत जायची. मग मुलं. मग उरलेल्यात गरम पाणी ओतून पातेलं वाढवायचं आणि ते आम्ही बायकांनी खायचं. त्याला म्हणायचं फिकं. आणि वर सांगायचं की बाईमाणसाला तिखट सोसत नाही! मिरच्या कुटल्या आम्ही, रात्रभर हातांची आग झाली आमच्या, चुलीपुढे ठसका लागला आम्हाला, आणि सोसत नाही तेही आम्हालाच. नवी नवरी होते तेव्हा एकदा मी पातेल्यातली तर्री आधी माझ्या वाटीत घेतली, तर सासूबाईंनी ती वाटी माझ्या हातातून काढून पातेल्यात परत ओतली. बोलल्या काहीच नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मी विसरलेही असते.

आम्ही वेगळे निघालो त्या दिवशी माझ्या चुलीवरच्या पहिल्या रश्श्याची तर्री मी मुलीच्या वाटीत घातली. ती लहान होती, डोळ्यांतून पाणी काढत तिने ती खाल्ली, आणि पुन्हा वाटी पुढे केली. तेव्हापासून आमच्या घरात पळी आधी तिच्या वाटीकडे जाते.

म्हणून मी वेटरला म्हटलं, "माझ्या मुलीचं तेज लिहा."

वेटरने मामांकडे बघितलं. बोलत होते मी, आणि हा बघतोय त्यांच्याकडे.

"ताई, आमच्या घरी बाया तेज नाही खात," मामा हसत हसत म्हणाले. "आतापासूनच आदत झालेली बरी राहते."

टेबलाखाली नवऱ्याचा पाय माझ्या पायावर आला. "तू चूप बैस ना जरा," ते पुटपुटले. मुलीनेही डोळ्यांनीच राहू दे म्हणून खुणावलं. वेटर गेला. मी पाण्याचा अख्खा ग्लास संपवला आणि गप्प बसले, फक्त तिच्यासाठी.

वाट्या आल्या. पुरुषांपुढे लालभडक, वर बोटभर तर्री. आमच्यापुढे कसलासा तांबूस पाणीदार रस्सा. मला स्वयंपाकघरात डोकवायची गरजच नव्हती. पातेलं एक आहे आणि पळी कुठून कुठे फिरली, हे मला बसल्या जागी कळलं.

मुलाने पहिला घास घेतला आणि माझं लक्ष त्याच्याकडे गेलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कपाळावर घाम आला, एसीत. दुसऱ्या घासाला उचकी लागली. बिचाऱ्याला तिखट अजिबात चालत नव्हतं. त्याच्या आईने हळूच दह्याची वाटी त्याच्याकडे सरकवली, तर मामा म्हणाले, "दही कायले त्याले? लहान हाय का तो?" आईने हात मागे घेतला. मुलगा डोळे पुसत तिसरा घास कालवायला लागला.

तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "सुनो ना, तुम्ही माझी घ्या. मला ती चालते." आणि काही गाजावाजा न करता दोन्ही वाट्या बदलल्या. त्याची लाल तिच्यापुढे, तिची फिकी त्याच्यापुढे.

तो खायला लागला. चेहरा निवला, तिच्याकडे बघून खरोखरचं हसला. मुलगीही हसली. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. वाटलं, ठरलं हे लग्न. अशीच वाटी बदलत दोघं सुखाने राहतील, आणखी काय पाहिजे?

"काय रे भाच्या," मामांनी घास थांबवून विचारलं, "आतापासूनच बायकोच्या वाटीतलं खाशील काय?"

विचारलं हसतच. पण मुलाचा हात थांबला. त्याने मान खाली घातली, माझ्या मुलीसमोरची लाल वाटी स्वतःकडे ओढली आणि फिकी तिच्यापुढे ढकलली. तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. पुन्हा घाम पुसत खायला लागला.

मुलीचा हात अजून पोळीवरच होता. तिचा उतरलेला चेहरा बघितला आणि मग मी नवऱ्याच्या पायाला जुमानलं नाही. वेटरला हाक मारली. "भैया, दोन शेवभाजी तेज. वरची तर्री घालून. एक माझ्या मुलीपुढे, एक माझ्यापुढे. और पूछना है तो मुझसे पूछना."

वाट्या आल्या, आणि आम्ही मायलेकींनी त्या निपटून खाल्ल्या. तर्री खरंच जहाल होती, माझ्या घशाला आग लागली होती, पण मी पाण्याला हात लावला नाही. लावणार नव्हतेच.

मला वाटलं होतं नकार येईल. आला होकार. मामांनी फोनवर सांगितलं, मुलगी पसंत आहे, फक्त तिला जरा समजावून ठेवा. नवरा संध्याकाळी मावा जिलेबी घेऊनच घरी आला. मुलीने पुडा तसाच बाजूला सरकवला.

"नाही, बाबा."

"अगं एका भाजीच्या वाटीवरून?"

"भाजीचं नाही, बाबा. मला तो आवडला होता ना. सच में आवडला होता." तिने पुडा आणखी लांब सरकवला. "पण त्याला स्वतःला हवी ती वाटी धरून ठेवता आली नाही. उद्या माझ्यासाठी तो कोणापुढे काय बोलणार?"

नवरा माझ्याकडे वळला. "तू तरी सांग तिले. असं घर पुन्हा येईल का?"

नसेल येत. मी तेवढी भाबडी नाही. ती खोलीत जाऊन रडली हेही मी ऐकलं. पण समजावून ठेवा म्हणजे काय असतं ते मी जगले आहे. मी तिला काही सांगायला गेले नाही.

नवऱ्याच्याने नाही म्हणवेना, म्हणून दुसऱ्या दिवशी मामांना फोन मीच केला. त्यांना आधी खरंच वाटलं नाही. मग म्हणाले, "ताई, इतक्या छोट्या गोष्टीसाठी पोरीचं नुकसान करता काय?"

"ज्याच्या वाटीत वरची तर्री पडत आली, त्याला ही गोष्ट छोटीच वाटते," मी म्हटलं, आणि फोन ठेवून मसाला परतायला घेतला.