डायरीतला शेरा

कर्वेनगरातल्या एका शाळेत मी समुपदेशक आहे. बालसंरक्षणाच्या कायद्यावरची तीन प्रशिक्षणं झाली आहेत माझी, शिक्षकांना त्यावर भाषणंही दिली आहेत. मुलानं अत्याचाराबद्दल सांगितलं की थेट पोलिसांना कळवायचं, हे वाक्य मी फळ्यावर दोनदा अधोरेखित करत असे. फळ्यावर लिहायला काय जातं?

त्या सोमवारी मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी खोलीत आली. आईवडील कामासाठी वर्ध्याकडून आलेले, दोघंही कारखान्यात. घरी राहणारे काका आपल्याशी नको तसं वागतात, असं तिनं फरशीकडे बघत सांगितलं.

"मॅडम, कुणाला सांगणार नाही ना?"

"नाही गं," मी म्हणाले. असं वचन मला देताच येत नव्हतं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

ती गेल्यावर माझा धीर सुटला. ऐकण्यात चूक झाली असेल तर? कोर्टात उभं राहावं लागलं तर? मी मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले.

"अहो, खात्री आहे का आपल्याला? आधी घरच्यांशी बोलू. शाळेच्या नावाचा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतला होता. मी नेहमीप्रमाणे मुलीच्या डायरीत शेरा लिहिला, 'पालकांनी उद्या भेटावे', आणि खाली सही ठोकली.

आमच्याकडे या शेऱ्यावर घरातला जो मोकळा असेल तो येतो. आजोबा येतात, मावशी येते, कधी शेजारीणही. वर्षानुवर्षं मी हे बघत आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात काका उभे. आईवडिलांची पहिली पाळी होती.

"काय केलं जी आमच्या पोरीनं?" त्यांनी हसत विचारलं.

ती त्यांच्या मागे उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. अभ्यासात लक्ष नाही, असं काहीतरी मी पुटपुटले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

ते गेले, ती वर्गात गेली, आणि मी कुणालाही न विचारता पोलीस चौकी गाठली. दुपारी साध्या कपड्यांतल्या एक महिला अधिकारी शाळेत आल्या. आईलाही बोलावून घेतलं. अधिकारीबाईंनी फार मायेनं विचारलं.

"मी या मॅडमना काहीच सांगितलं नव्हतं," मुलगी म्हणाली.

आईनं तिचं दप्तर उचललं आणि ती तिला घरी घेऊन गेली.