लॅमिनेट केलेलं शहाणपण

सौदीतल्या आमच्या जुबैलच्या घरात फ्रिजवर चार, आरशावर दोन आणि बाथरूमच्या दारामागे एक अशी सुवचनं चिकटवलेली होती. सगळी लॅमिनेट केलेली. ह्यांच्या प्लांटमध्ये ज्या मशीनवर सुरक्षेच्या सूचना लॅमिनेट करतात, तिच्यावरच आमचे हे शिफ्ट संपल्यावर थोरांची वाक्यं घालून आणत. ऐन उन्हाळ्यात एसी बंद पडला, तेव्हा ह्यांनी मला धीराबद्दल कुणाचं तरी दोन ओळींचं सुवचन ऐकवलं. मी म्हटलं, "अहो, आधी मेंटेनन्सला फोन करा."

त्या वर्षी मुलीचा बारावीचा निकाल लागला आणि ती फिजिक्समध्ये नापास झाली. इथल्या आमच्या मुलांना बारावीनंतर बहुतेक भारतातच जावं लागतं. पुण्याच्या कॉलेजचं आमचं ठरल्यात जमा होतं, बॅगासुद्धा आणून ठेवल्या होत्या. तिने खोलीची कडी लावून घेतली. मी ताट दाराबाहेर ठेवायचे, ती त्यातलं अर्धं खायची. हाक मारली की आतून "आई, प्लीज, गो" एवढंच. तीन दिवस हेच चाललं. मला भीती वाटत होती.

आणि हे काय करत होते? चौथ्या दिवशी ड्युटीवरून आले ते हातात नवं कार्ड घेऊनच. अपयश, डोंगर, पायऱ्या असलं काहीतरी, आणि खाली 'अज्ञात'. ते दाराखालच्या फटीतून आत सरकवायला वाकले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी ते हिसकावून घेतलं.

"हा अज्ञात तिचा कोण लागतो?" मी ओरडले. "बाप तुम्ही आहात ना? मग स्वतःचं काहीतरी बोला! सतरा वर्षांत एक तरी वाक्य स्वतःचं बोललात का तिच्याशी?"

अंगात युनिफॉर्म, पायात बूट, हे तसेच दाराला टेकून खाली बसले. आता पाठ केलेलं एखादं सुवचन येणार, असं वाटून मी स्वयंपाकघराकडे वळले.

"बाळा, मी बारावीला नापास झालो होतो," ते बंद दाराला म्हणाले. "गणितात. एकोणीस मार्क."

मी जागीच थांबले. नाशिकच्या ह्या इंजिनीअरशी संसार करून मला वीस वर्षं झाली होती. सासूबाई, नणंद, कुणी एका शब्दाने हे सांगितलं नव्हतं.

"वर्षभर वडील माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या धाकाने घरात दुसरं कुणीही नीट बोलेना. मग मी वाचनालयात जाऊन बसायचो. पुस्तकात कुणी धीराचं काही लिहिलेलं दिसलं की वहीत उतरवून घ्यायचो. वाटायचं, चला, कुणीतरी आपल्याशी बोलतंय."

आतून आवाज आला, "ऑन्ली नाइन्टीन?"

"हो. शंभरपैकी."

कडी निघाली. सुजलेल्या डोळ्यांनी ती ह्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा, यू नेव्हर टोल्ड मी."

"कसं सांगायचं ते मला येत नाही गं," हे म्हणाले.

ती ह्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. मला रडू फुटलं आणि त्यातच स्वतःचा भयंकर राग आला. ह्या माणसाने तोंड उघडलं की वीस वर्षं मी "पुरे झालं तुमचं" म्हणत आले होते.