नापास होण्याची तयारी

मुलगा नापास व्हावा म्हणून माझ्या आईने नवस केला होता. असा नवस ऐकून देवही बुचकळ्यात पडला असेल.

मला फिट यायची. एक दिवस गोळी चुकली तरी मी जमिनीवर. बाबा रेल्वेत फिटर, त्यामुळे डॉक्टर, गोळ्या, सगळं रेल्वेच्या दवाखान्यातून. अट एकच, वयात आलेला मुलगा शिकत असला पाहिजे. माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष आलं आणि घराचं धाबं दणाणलं. पास झालो की दवाखाना बंद, आणि त्या गोळ्या बाजारातून कायम विकत घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं. एम.एस्सी.ला दारात उभं करतील असे माझे मार्क नव्हते. हिंगण्याच्या कारखान्यांत कामगारांना विम्याचा दवाखाना होता, पण फिट येणाऱ्याला मशीनजवळ कोण जाऊ देणार? सीताबर्डीतल्या एका विमा एजंटाने आजाराचं नाव ऐकताच चहा मागवला आणि क्रिकेटचा विषय काढला. त्या चहाचा मला अजून राग येतो.

शेवटी बाबांनीच तोडगा काढला. गणितात मार्क कमी पडले म्हणून लहानपणी मला बदडणारे बाबा, मान खाली घालून म्हणाले, "प्रॅक्टिकल कोरं सोडून दे गा. यंदा पास नको होऊ."

नापास झालो तर त्याच वर्गात पुन्हा नाव घालता येणार होतं. पुढचं पुढे पाहू, याच्यापलीकडे आमची अक्कल चालत नव्हती.

रसायनाच्या प्रॅक्टिकलला मी ब्युरेटसमोर नुसता बसून राहिलो. सगळं येत होतं, हात शिवशिवत होते. कोरा कागद देऊन बाहेर पडलो तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निकाल लागला आणि मी पास होतो. काहीतरी चुकलं असेल म्हणून प्रयोगशाळेकडे धावलो. तिथे आमचे सर भेटले. वर्गात मला फिट आली तेव्हा यांनीच माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुले त्या दिवशी बरं नव्हतं, मले दिसत होतं. बाहेरच्या परीक्षकाचे हातपाय जोडले, पण तुले काढलंच."

मी त्यांच्या पाया पडलो. दुसरं काय करणार होतो?

घरी पोचलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. आमच्या क्वार्टरच्या लाइनीतला पहिला ग्रॅज्युएट, म्हणून शेजारी दारात उभे राहून पेढे मागत होते. बाबा सायकल काढून गेले, पेढे आणले, हसत हसत सगळ्यांना वाटले. पोराला आता नोकरी लागली समजा, असं कुणी म्हणालं की ते हो हो म्हणत. त्यांच्याकडे मला बघवत नव्हतं.

शेजारी गेल्यावर आईने माझी गोळ्यांची बाटली ताटात उपडी केली. एक गोळी विळीवर धरून कापली. अर्धी माझ्या हातावर ठेवली, अर्धी बाटलीत परत टाकली.

"आजपासून एवढीच घे बापा," ती म्हणाली.