कचेरी शाळेत बसली

बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. किस्से मात्र कचेरीतल्या, फडक्यात बांधलेल्या कागदांच्या जुन्या बस्त्यांसारखे असतात. कुणी सोडून बघत नाही, कुणी फेकत नाही, एकावर एक चढत जातात आणि एक दिवस सगळी चळत अंगावर येते! परभणीच्या त्या मराठीच्या वर्गाची चळत माझ्याकडे अशीच साठली आहे.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि तहसील कचेरीत हुकूम आला. ज्यांची सगळी नोकरी उर्दूत गेली, त्यांनी मराठीची परीक्षा द्यावी. पास होईल त्याला बढती. नापास होईल तो आहे तिथूनही खाली! वर्ग रोज सकाळी सात ते नऊ, शाळेच्या चौथीच्या खोलीत.

मला लगेच बातमीचा वास आला. जुन्या माणसांना हाकलायची ही सभ्य तऱ्हा असणार! मी वही घेतली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.

उद्घाटनाला तहसीलदार साहेब आले. तेही जुन्या निजामी नोकरीतलेच, पण मराठीची परीक्षा आधीच देऊन मोकळे झालेले. टेबलावर हात आपटून म्हणाले, "राज्य नवं, शिस्त नवी. जुन्या सवयी सोडा!"

सगळे आदबीनं उभे राहिले. एक नाझर सोडून. कचेरीचं सामानसुमान सांभाळणारा हा अगडबंब माणूस चौथीच्या बाकात शिरला होता खरा, पण आता निघत नव्हता.

"नाझर, उभे राहा!"

"हुजूर, मी उठलो तर बाकबी उठंल!"

* * *

मी सरकारवर संशय घेत होतो, तेव्हा वर्ग माझ्यावर घेत होता.

तिसऱ्या दिवशी नाझरानं मला हॉटेलात नेलं, स्पेशल चहा पाजला आणि कानाशी लागला. "साहेब, माझी मराठी लय चांगली हाय. तेवढं वर कळवा."

"वर म्हणजे कुठं?"

"आता आमाला काय सांगायलाव! तुमी हसत न्हाई, बोलत न्हाई, नुसतं लिहायलाव. खुफियाचेच ना?"

"अहो, मी पत्रकार आहे!"

नाझरानं बशीतला चहा फुरकला. "खुफियाचा माणूस दुसरं काय सांगणार?"

आठवडाभरात माझ्याकडे एकमेकांविरुद्धच्या तक्रारींचा ढीग जमला. एवढ्या बातम्या मला संपादकांचं कार्ड दाखवून कधी मिळाल्या नव्हत्या!

* * *

शिकवायला कौसडीकर मास्तर होते. गरीब माणूस. एरवी चौथीच्या पोरांना छडी दाखवणारे, पण बापाच्या वयाच्या या विद्यार्थ्यांसमोर त्यांचाच आवाज बसायचा.

त्यांनी निबंध घातला, 'माझे गाव'. गावोगाव फिरून पिकांची पाहणी करणारे ग्यानोबा गिरदावर मूळचे चारठाण्याचे. मास्तर खूश होऊन म्हणाले, "वा! तुम्हाला विषय आयता मिळाला. जुन्या मंदिरांवर लिहा."

गिरदावरांनी तासभर घाम गाळून दोन ओळी लिहिल्या. 'मौजे चारठाणा येथे जुनी मंदिरे असल्याचे समजते. प्रत्यक्ष पाहणी करून अहवाल सादर करण्यात येईल.'

"अहो गिरदावर, जन्म गेला तुमचा तिथं! आणि 'समजते'?"

"मास्तर, उद्या एखादं मंदिर कमी भरलं तर? खाली सही माझी हाय!"

खरंच होती. तारखेसकट.

* * *

आता हमीदमियां. तहसीलदारांपुढं रोजची कागदपत्रं मांडणारे पेशकार. चार वर्षं हंगामी. परीक्षा पास झाले की कायम. नापास झाले तर परत नक्कल करायच्या टेबलावर, आणि तेही ज्याला त्यांनी स्वतः लिहायला शिकवलं त्याच्या हाताखाली! त्यामुळं वर्गात सगळ्यांच्या आधी हजर. माझं वर्तमानपत्र ते मोठ्यानं वाचायचे, जाहिरातींसकट.

मास्तरांनी एकदा फळ्यावर रजेचा अर्ज लिहून दिला. मुलीच्या लग्नासाठी तीन दिवस. हमीदमियांनी तो सुबक अक्षरात उतरवला, खाली सही केली आणि कागद आपल्या बस्त्यात ठेवला. दुपारी बस्ता साहेबांपुढं उघडला. साहेबांनी इतर कागदांवर सह्या करता करता त्यावरही केली, मग मजकुरावर नजर टाकून म्हणाले,

"मुबारक हो, हमीदमियां! कुणाकडं दिली?"

"काय साब?"

"मुलगी!"

हमीदमियांनी सांगितलं, आपल्याला दोन मुलगेच. साहेबांचा चेहरा बदलला. "म्हणजे खोटा अर्ज? चौकशी लावू?"

"साब, मजकूर मास्तरांचा, मुलगी बी मास्तरांचीच. मंजुरीची सही तेवढी आपली हाय!"

रजा रद्द व्हायला तीन दिवस लागले.

* * *

हमीदमियांची एक गोष्ट मी पाहिली होती, पण तिची बातमी होईल असं वाटलं नव्हतं. वही तपासायला देताना ते ती नेहमी पालथी ठेवायचे. मास्तर काही न बोलता सुलटी करायचे, परत पालथी करायचे आणि मागच्या पानापासून तपासायला लागायचे. मी विचारलं तर म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसाला काय टोकायचं!"

परीक्षा झाली. उत्तरपत्रिका औरंगाबादला गेल्या. निकाल आला. बाकात अडकून अर्धा वेळ झोपा काढणारा नाझर पास. गिरदावर पास. हमीदमियां नापास. गुण शून्य!

हमीदमियां माझ्याकडे आले. डोळे लाल. "बातमीवाले, मी लिहिलं होतं. सगळं लिहिलं होतं. उद्या पोरांसमोर कोणत्या तोंडानं सांगू?"

माझं डोकं फिरलं. वर्तमानपत्र तोंडपाठ करणाऱ्या माणसाला शून्य? मी ठणठणीत मथळा दिला, 'परीक्षा की कारस्थान?' तिसऱ्या दिवशी तहसीलदारांचं बोलावणं आलं. मी हमीदमियांना घेऊनच गेलो. साहेबांनी औरंगाबादहून उत्तरपत्रिका मागवून ठेवली होती.

"या. बघा तुमचं कारस्थान!"

त्यांनी पहिलं पान उघडलं. कोरं. दुसरं कोरं. तिसरं, चौथं कोरं. वर परीक्षकाचा लाल शेरा, 'काहीही लिहिलेले नाही.'

मी टेबलावर हात आपटला. "म्हणजे पेपर बदलला! मी म्हणत नव्हतो?"

हमीदमियां पुढं झाले. त्यांनी ती उत्तरपत्रिका हळूच पालथी केली आणि शेवटचं पान उघडलं. 'प्रश्न पहिला.' सुबक, गोल, मोत्यासारखं मराठी. पान उलटलं, तर प्रश्न दुसरा. उर्दूच्या रजिस्टरासारखं, मागून पुढं, सगळा पेपर सोडवलेला!

एका माणसाची चार वर्षं पणाला लागलेली, आणि परीक्षकाला आणखी चार पानं उलटायचे कष्ट झाले नाहीत! मी तसं बोललोही, आवाज चढवून. साहेब मात्र माझ्याकडे बघत नव्हते. ते पेपर वाचत होते. शेवटच्या प्रश्नापर्यंत वाचला.

"उत्तम लिहिलंय," ते म्हणाले. मग चेहरा कडक केला. "पण हमीदमियां, पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? जुन्या सवयी सोडा म्हणून! वीस-वीस वर्षं झाली तरी तुम्हा लोकांना..."

"चुकलं, साब."

"पेपर परत तपासायला पाठवतो. निकालाच्या रजिस्टरात तुमच्या नावापुढं तसा शेरा आत्ताच घालतो. तोवर तुम्हाला पेशकारीवरून कुणी हलवणार नाही."

साहेबांनी निकालाचं नवंकोरं मराठी रजिस्टर पुढ्यात ओढलं, टाक दौतीत बुडवला आणि रजिस्टर उघडलं.

पान कोरं. त्यांनी पुढचं उलटलं. कोरं. आणखी एक. कोरं.

"निकाल कुठं गेला?" साहेब ओरडले. "कुणी हात लावला याला?"

हमीदमियांनी आदबीनं रजिस्टर पालथं केलं.

"साब, मराठी हिकडून."