बेटावरचं सारवण

लंडनजवळच्या स्लाऊमध्ये आमचे हे ज्या बादल्यांच्या फॅक्टरीत होते ती बंद पडली, आणि आम्ही एका बेटावर राहायला गेलो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. 'बेटावर' म्हटलं की फार मोठं साहस वाटतं, पण झालं होतं एवढंच की पेपरात जाहिरात आली होती. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, बोटीने अर्ध्या तासावर, गुरांचा एक जुना फार्म आहे. लोक तिकीट काढून तो बघायला येतात. तिथे एक जोडपं हवं आहे. नवऱ्याने ट्रॅक्टर आणि पंप सांभाळायचे, बायकोने टी-रूम सांभाळायची. राहायला दोन खोल्या.

कॉव्हेंट्रीच्या नणंदबाईंनी फोनवर विचारलं, "वहिनी, तिथे कोथिंबीर मिळते का?"

मी म्हटलं, "माणसं मिळाली तरी पुष्कळ."

तीन महिने प्रोबेशन होतं. त्यानंतर दोघांचीही नोकरी एकदम पक्की होणार, नाहीतर दोघांनाही परतीची बोट. म्हणजे माझ्या हातून काही चुकलं तर ह्यांचीही नोकरी जाणार. मी आठवीत शाळा सोडलेली. घरी आई आजारी, गोठ्यात चार म्हशी आणि दोन गाई, मग शाळा कोण करणार? त्यामुळे कुणी हातात कागद दिला की मी तो आधी ह्यांच्याकडे द्यायची. टी-रूमच्या फळ्यावर मॅनेजरबाई रोज मेन्यू लिहायच्या, तो मी पहाटे जाऊन आधी पाठ करून ठेवायची. 'थँक यू' इतक्या वेळा म्हणायची की एकदा एका गिऱ्हाइकाच्या कुत्र्यालाही म्हटलं.

मॅनेजरबाई पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. पायात कायम गमबूट. वाईट बाई नव्हेत, पण त्या गप्प राहिल्या की मला वाटायचं, आता काढतात.

फार्मची गोष्ट सांगायला एक निवृत्त मास्तर होते. मी त्यांना मनातल्या मनात गुरुजी म्हणायची. दिवसातून तीनदा ते तीच गोष्ट सांगायचे आणि तिन्ही वेळा स्वतःच चकित व्हायचे. सव्वाशे वर्षांपूर्वी या बेटावर दगड आणि झुडपं सोडून काही नव्हतं. एक तरुण आणि त्याची बायको वल्ह्यांच्या होडीतून आले. होडीच्या मागे दोरीला बांधलेल्या सहा गाई पोहत आल्या. वळूने मात्र पाण्यात पाय घालायला नकार दिला. त्याला पलीकडच्या किनाऱ्यावर सोडून द्यावं लागलं. "आणि तिसऱ्या दिवशी सकाळी," गुरुजी काठी उंचावून म्हणायचे, "दार उघडलं तर वळू अंगणात! एकटा पोहत आलेला!" लोक 'ओऽ' म्हणायचे. मग सगळे त्या वळूचं थडगं बघायला जायचे. माणसांची थडगी त्याच्या शेजारीच होती, पण तिकडे फारसं कुणी बघायचं नाही.

बघण्यासारखं आणखीही होतं. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीतून बेटाची फेरी, लोहाराची भट्टी, आई नसलेल्या कोकरांना बाटलीने दूध पाजणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या जोडप्याचं पहिलं घर. एकच खोली, दगडी भिंती, चूल, आणि एक इतका आखूड पलंग की प्रत्येक टोळीतला एक तरी माणूस त्याच्यावर विनोद करायचाच. खाली मातीची जमीन.

ती जमीन बघून माझा जीव तुटायचा. ठिकठिकाणी पोपडे सुटलेले, भेगा पडलेल्या, माणसं चालली की धूळ उडायची. सव्वाशे वर्षांत कुणी हात फिरवला नव्हता बिचारीवर.

प्रोबेशनचा तिसरा महिना चालू होता. एका शुक्रवारी मॅनेजरबाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "मंगळवारी टुरिझमच्या ऑफिसातून दोघंजण येणार आहेत. त्यांना आवडलं तर बोटीच्या धक्क्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर प्रेक्षणीय स्थळांना मिळते तशी आपली तपकिरी पाटी लागेल. पहिलं घर अगदी त्या काळातल्यासारखं दिसायला हवं. प्रत्येकाने आपापल्या परीने बघा."

आता 'आपापल्या परीने' म्हटल्यावर माझी परी कोणती? चहाबरोबर देतात ते स्कोन नावाचे छोटे पाव मला अजून नीट फुगवता येत नव्हते. पण मातीची जमीन त्या काळातल्यासारखी कशी करायची, हे त्या अख्ख्या बेटावर एका माणसाला येत होतं. बाईंनी आम्हाला घर दिलं, काम दिलं, त्याची परतफेड करायची हीच संधी, असं मी ठरवलं. कुणाला विचारलं नाही. विचारायचं तर इंग्रजीत विचारावं लागलं असतं.

मंगळवारी पहाटे पाचला शेणासाठी पाटी घेऊन मी गोठ्यात गेले. तिथे पहिला धक्का बसला. आमच्याकडे कडबा खाणाऱ्या जनावराचं शेण कसं, हातात घेतलं की गोळा होतो. ह्या झिपऱ्यावाल्या गाई कोवळं, ओलं गवत खाऊन जे टाकत होत्या त्याला शेण म्हणणं म्हणजे कढीला पिठलं म्हणण्यासारखं. गोळा कुठला, पाटीतून गळतंय! मग त्यात माती घातली, सुतारकामाच्या शेडमधला भुसा घातला, चांगलं मळलं आणि बसले सारवायला. अर्धगोल वळसे घालत, मागे मागे सरकत, चुलीपासून दारापर्यंत. कितीतरी वर्षांनी हात असे फिरत होते. खरं सांगते, इंग्लंडात आल्यापासून तेवढा एक तास मला कशाचीच भीती वाटली नाही. शेवटी उंबऱ्याशी टी-रूममधल्या पिठाची रांगोळीही काढली.

आणि मग लक्षात आलं की हे वाळणार कसं?

गावाकडे सकाळी सारवलं की जेवणाची पानं मांडेपर्यंत खडखडीत. इथे बाहेर धुकं, आत ओल, आणि सूर्य म्हणजे ढगामागे लावलेला झिरोचा बल्ब. आठ वाजले तरी जमीन जशीच्या तशी. रांगोळी तर उलट वर आली होती. ते सेल्फ-रेझिंग, म्हणजे आधीच बेकिंग पावडर घातलेलं पीठ होतं. ओल लागल्यावर त्याला बारीक बुडबुडे फुटत होते.

मी धावत जाऊन ह्यांना उठवलं. "अहो, चला लवकर! जमीन वाळत नाहीये."

"कुठली जमीन?"

सांगितलं. हे अंथरुणात उठून बसले. मग म्हणाले, "अगं, तुला लोकांनी स्कोन कर म्हणून ठेवलंय ना?"

पण माणूस मदतीला आला. कोकरांना ऊब द्यायला गोठ्यात जे लाल दिवे टांगलेले असतात, ते सहाच्या सहा त्यांनी काढून आणले आणि पहिल्या घराच्या आढ्याला लटकवले. खोलीभर लाल उजेड. वास म्हणाल तर होताच. गरम झाल्यावर जास्तच होता.

साडेदहाला बोट आली. टुरिझमचे एक साहेब, एक बाई, दोघांचेही बूट पॉलिश केलेले. आमच्या मॅनेजरबाई पुढे, गुरुजी मागे. मी टी-रूमच्या खिडकीतून बघत होते. मॅनेजरबाईंनी पहिल्या घराचं अर्धवट लोटलेलं दार ढकललं आणि तिथेच थांबल्या. कारण आमच्या दोघांच्याही डोक्यात एक गोष्ट आली नव्हती. कोकरांना तो लाल दिवा म्हणजे आई. दिवे गेले कुठे ते शोधत पाच कोकरं तिथे पोचली होती आणि ओल्या सारवणावर पाय पसरून झोपली होती. अर्धी पांढरी, अर्धी हिरवी.

साहेबांनी एक पाऊल आत टाकलं. पाऊल परत आलं, बूट तिथेच राहिला.

"हे कुणी केलं?" मॅनेजरबाईंचा आवाज टी-रूमपर्यंत आला.

पळून जाण्यासारखी जागा बेटावर नसते. मी ॲप्रनला हात पुसत गेले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की मी केलं, आमच्या गावाला असंच करतात, शेण चांगलं असतं, गाई वाईट निघाल्या. माझ्या डोळ्यांपुढे परतीची बोट, ह्यांचा चेहरा आणि स्लाऊमधली आमची पावसाने काळी पडलेली गल्ली, सगळं एकदम उभं राहिलं.

साहेब एका पायावर उभे. मग गुरुजी खाकरले. "त्या पहिल्या बाईच्या घरी कार्पेट नव्हतं, एवढं नक्की," ते म्हणाले. "पण जमीन ती कशी राखायची, हे मी इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण मला ठाऊकच नाही."

टुरिझमच्या बाई खाली वाकल्या. कोकरांच्या पलीकडे, चुलीजवळ, एक हातभर तुकडा खरंच वाळला होता. त्यावर त्यांनी बोट फिरवलं. धूळ लागली नाही. त्या म्हणाल्या, "हे करताना बघायला मिळेल का?"

आमच्या मॅनेजरबाई माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "शनिवारी दोन वाजता. लोकांसमोर."

नंतर ऑफिसात बोलावून त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. शनिवारी मी त्या पहिल्या बाईच्या वेषात सारवायचं. बोलायचं नाही, बोलायला गुरुजी आहेत. नीट झालं तर प्रोबेशन संपलं. तमाशा झाला तर महिनाअखेर निघायचं. मी तीनदा थँक यू म्हटलं.

शनिवारपर्यंत मी दोन गाईंना दोन दिवस नुसतं वाळलं गवत घातलं. शेणाची तयारी अशी जनावराच्या पोटापासून करावी लागते, हे त्या लोकांना कुठे माहीत! लांब काळा घागरा, पांढरा ॲप्रन आणि हनुवटीखाली बांधायचं एक टोपडं असा वेष मिळाला. ह्यांनी बघितलं आणि तोंड फिरवून पंप तपासायला निघून गेले. पंप बंद होता.

दोनला दोरीपलीकडे तीसचाळीस माणसं. टुरिझमच्या बाई पुढे, आमच्या बाई दाराशी हाताची घडी घालून. गुरुजींनी सुरुवात केली. मी मान खाली घालून बसले, हात भरला, पहिला वळसा घातला.

"अगं बाई! ही तर सारवतीय!"

मराठी. त्या बेटावर. मी टोपड्याच्या कडेतून बघितलं. नऊवारी, वरून कार्डिगन, पायात पांढरे स्पोर्ट शूज, अशा एक आजी. सोबत मुलगा आणि सून. मुलगा लंडनच्या हॅरो भागात डॉक्टर आहे, हे नंतर कळलं. "आई, हळू बोल, शो चालू आहे," तो कुजबुजला.

"कसला शो? ए पोरी, कुठली तू?"

दाराशी आमच्या बाई माझ्याकडेच बघत होत्या. बोलावं तर नोकरी जाते, न बोलावं तर म्हाताऱ्या माणसाचा अपमान. मी ओठ न हलवता, वळसा घालता घालता म्हटलं, "फलटणकडची. पण आजी, आत्ता मी शंभर वर्षांपूर्वीची आहे. अर्ध्या तासाने टी-रूममध्ये या."

"शंभराची अस नाहीतर दोनशेची. तो कोपरा राहिला."

"घेते नंतर."

"नंतर कशी घेशील? मागे सरकलीस की पाय पडणार त्याच्यावर. आईनं शिकवलं नाही?"

लोक आता गुरुजींकडे बघतच नव्हते. दोरीशी उभा असलेला एक माणूस बायकोला म्हणाला, "गेलिक बोलतायत, इथली जुनी भाषा." गुरुजींनी त्याला दुरुस्त केलं नाही. आणि तेवढ्यात आजींनी कार्डिगन सुनेच्या हातात दिलं, बूट काढले, ओचा खोचला आणि दोरीखालून आत आल्या.

मी कुजबुजले, "आजी, नको, माझी नोकरी जाईल हो!"

"कोपरे असे सोडलेस तर जायलाच हवी," म्हणत त्या खाली बसल्या. माझ्याच पाटीत हात घालून त्यांनी कोपरा धरला. असा सफाईदार हात मी आयुष्यात पाहिला नव्हता. चिकटून बसलेल्या शेणात बोटांचे वळसे एकसारखे उमटत होते, जसे छापलेले. मला थांबता येईना. मी या बाजूने, त्या त्या बाजूने, दोघी मागे सरकत दारापर्यंत आलो. उंबऱ्याशी आमचे हात एकमेकांना लागले तेव्हा बाहेर टाळ्या वाजल्या.

मी मान वर केली. आमच्या बाई अजून हाताची घडी घालूनच उभ्या होत्या. हसत नव्हत्या. लोक चहाकडे निघून गेले, आजी नळावर हात धुवायला गेल्या, तरी त्या हलल्या नाहीत.

"त्या कोण?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, मॅडम. हॅरोच्या आहेत. मी बोलावलं नव्हतं. सॉरी, मॅडम. थँक यू."

बाईंनी वाकून ओली जमीन निरखून पाहिली. आधी मी सारवलेली बाजू, मग आजींची. बराच वेळ. मग कंबर सरळ करत म्हणाल्या, "तुमच्या दोघांचे कागद सोमवारी तयार असतील. कायमचे. तोपर्यंत त्या बाई चहाला आहेत ना, त्यांच्याकडून कोपरे कसे करायचे ते शिकून घे."