टंकी वाहतेय, वडिलांना सांग

समुद्रावर रडार पोचत नाही, हे मी उज्जैनच्या नातेवाइकांना अजून पटवू शकलेले नाही. मी विमानांची वाहतूक सांभाळते म्हटलं की त्यांना मोठा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी विमानं दिसतात. मी ज्या पट्ट्याचं काम बघते तिथे किनारा सोडला की आम्हाला काहीच दिसत नाही. वैमानिक रेडिओवरून किंवा उपग्रहामार्फत कळवतो की मी अमुक ठिकाणी आहे, पुढच्या ठिकाणी अमुक वाजता पोचेन. आम्ही त्यावर विश्वास ठेवतो आणि दोन विमानांत भरपूर अंतर राखतो. निरोप शब्दशः पोचवायचा, समोरच्याने तो परत म्हणून दाखवायचा, आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

या कामाचा सराव मला नोकरीच्या कितीतरी आधी घरातच झाला होता. उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या आमच्या घरात खाली बाबा राहतात, वर काका, आणि मी शाळेत असल्यापासून दोघा भावांचा अबोला आहे. कारण विचाराल तर तिथल्या मराठी समाजाच्या गणपतीत आरतीचं ताट आधी कोणाच्या हातात द्यायचं! एक बँकेतून निवृत्त, दुसरे कॉलेजात शिकवून निवृत्त, जगातल्या कुठल्याही युद्धावर दोघांकडे तोडगा तयार.

"तुझ्या वडिलांना सांग, आज नळ येणार नाही." मी जिना उतरायची. "त्याला सांग, मला माहीत आहे." मी जिना चढायची. आई आणि काकू होत्या तोवर मला अधूनमधून सुट्टी मिळे. पुढे त्या दोघी गेल्या, माझी नोकरी किनाऱ्यावर लागली, आणि मला वाटलं, आता तरी म्हातारे बोलतील. कसलं काय! काका वरून मला फोन करत आणि मी खाली बाबांना फोन करे. एका जिन्याचं अंतर निरोप असा समुद्रापर्यंत जाऊन कापायचा, आणि यात काही विचित्र आहे असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी आमच्या केंद्रातलं सगळं एकदम गप्प झालं. मुख्य यंत्रणा बंद पडली तर पर्यायी यंत्रणा आहे, असं आम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात छाती फुगवून सांगितलं जाई. दोन्हींच्या तारा एकाच चरातून नेल्या आहेत ही माहिती मात्र रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने दिली. साहेब लोक धावत आले, परिस्थिती नियंत्रणात असल्याचं एकमेकांना सांगून आमच्या खुर्च्यांमागे उभे राहिले आणि चहा मागवू लागले.

काम निभावलं ते विमानांनी. किनाऱ्याजवळचं एखादं विमान आमच्या कमी पल्ल्याच्या रेडिओवर ऐकू येई. त्याला निरोप सांगायचा, ते पुढच्याला सांगणार, ते त्याच्या पुढच्याला. अनोळखी देशांची, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं निरोप पोचवत होती आणि उलट उत्तरं आणत होती. दिवसभर आम्ही खुर्च्या सोडल्या नाहीत. आमचे मोबाइल नियमाप्रमाणे बाहेरच्या कपाटात होते.

संध्याकाळी कपाट उघडलं तर काकांच्या फोनांची रांग, आणि मधेमधे त्यांच्या आवाजातले निरोप.

"तुझ्या वडिलांना सांग, मोटर बंद करा. टंकी वाहून राहिली आहे."

"अगं, पाणी अंगणात आलं. काय ही लापरवाही! सांग ना त्यांना."

"टंकीचं सोड. त्यांचा टीव्ही पण सुरू नाही आज. विचार जरा, बरं आहे ना."

मी तिथूनच बाबांना फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. मी काकांना लावला आणि म्हटलं, "काका, आत्ताच्या आत्ता खाली जा."

"मी?" ते म्हणाले. "मी जाऊन काय बोलू?"

मग मी जे ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काका गेले. मागचं दार दिवसभर उघडंच होतं. बाबा सकाळी मोटर लावून न्हाणीघरात गेले होते, तिथे पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडून ओल्या फरशीवर दिवसभर पडून होते. हाका नाही मारल्या का, असं मी नंतर विचारलं. "मारणार कोणाला?" ते म्हणाले. सख्खा भाऊ डोक्यावर राहत होता. आमच्या घराची मुख्य यंत्रणा मीच आणि पर्यायी यंत्रणाही मीच, त्या दिवशी मी बंद होते, आणि त्यांनी वर हाकही मारली नाही.

उज्जैनला फ्रीगंजमधल्या दवाखान्यात मी दुसऱ्या दिवशी पोचले. बाबा पलंगावर, काका स्टुलावर, मधे सलाइनचा स्टँड. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप. "त्याला सांग, पंखा कमी कर," बाबांनी मला पाहताच सुरुवात केली.

"नाही सांगणार," मी म्हटलं. "आजपासून माझ्याकडून एकही निरोप जाणार नाही. काय करायचं ते करा."

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी भलतं बोलले. तेवढ्यात सिस्टर आली. केरळची, हिंदीसुद्धा अडखळत बोलणारी. आल्यापासून काका तिच्याशी हिंदीतच बोलत होते, म्हणजे तिला मराठी कळत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"सिस्टर," काका मराठीत म्हणाले, "दादाला विचारा, फार दुखतंय का."

दादा हा शब्द त्यांच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. सिस्टरने "क्या बोला?" म्हटलं आणि बाटली बदलत राहिली.

"सांगा त्याला," बाबा तिच्या पाठीकडे बघत म्हणाले, "फार दुखतंय."

ती ट्रे उचलून निघून गेली.

"सिस्टर," काका रिकाम्या दाराकडे बघत म्हणाले, "पाणी हवंय का, विचारा."

"हवंय म्हणावं," बाबा म्हणाले.

काकांनी उठून पेला भरला.