मोरचुदाची निळाई

हिरोए ओचीचे एप्रन नेहमी धुतल्यावरच फाटायचे. वापरताना काही दिसत नसे. दोरीवर वाळत घातले की बारीक भोकांमधून जपानमधल्या निइहामा शहराचं आभाळ डोकावे. सल्फ्युरिक ॲसिडचा थेंब कधीतरी उडाला होता, हे तिला तेव्हा कळे.

मुलींच्या शाळेच्या प्रयोगशाळेत ती एकतीस वर्षं मदतनीस होती. बाटल्या भरायच्या, तासाची मांडणी करायची आणि सर आले की मागच्या खोलीत जायचं. तिला रसायनशास्त्र शिकायचं होतं. पण तांब्याच्या भट्टीवर काम करणारे वडील आजारी पडले आणि कॉलेज राहूनच गेलं.

त्या जूनमध्ये काताओका सरांचा आवाज बसला. ते कुजबुजले, "ओचीसान, आजचा तास तुम्हीच घ्या."

"मी? अहो, मला फळ्यावर धड सूत्र लिहिता येत नाही!"

"फळा राहू द्या. मुलींना नुसतं दाखवा."

तिने चष्मा लावला, हातमोजे चढवले, धूर ओढणारा पंखा सुरू केला. मोरचुदाच्या निळ्या खड्यांवर जपून ॲसिड सोडलं. निळाई हळूहळू विरत गेली, पहाटेच्या झोपेतून स्वप्न निसटावं तशी. खडे पांढरेफटक पडले.

"निळा गेला कुठे?" पुढच्या बाकावरच्या मिनोरीने विचारलं.

"खड्यात पाणी दडलेलं असतं. या ॲसिडला तहान फार. पाणी पिऊन टाकलं, रंगही गेला."

"म्हणजे आमचा दादाच! फ्रीजमध्ये थेंब उरू देत नाही."

वर्ग खिदळला. हिरोएही हसली. मग तिने साखरेवर ॲसिड ओतलं. साखर पिवळी झाली, तपकिरी झाली, आणि एकाएकी वाफा सोडत काळा, सच्छिद्र खांब काचपात्रातून वर वर चढू लागला. करपल्या साखरेचा वास पसरला. हिरोएला वाटलं, आपण एकोणीस वर्षांच्या आहोत, खिडकीबाहेरचा समुद्र थांबला आहे आणि अजून सगळं शिकायचं आहे.

"हात लावू?" मिनोरीने विचारलं.

"खबरदार! आत अजून ॲसिड आहे."

घंटा झाली तरी मुली उठेनात. काताओका पुटपुटले, "सोमवारी मीठ आणि ॲसिड. तोही तास तुमचा."

"तोवर तुमचा आवाज सुटेल की, सर."

"सुटला तरी."

निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं ॲसिडचे सगळे तास हिरोएनेच घेतले. फळ्यावरची सूत्रं मात्र काताओका लिहीत.